परिचर्या, प्रीती आणि रहस्य : 'अमृतवेल'चा पुनर्विचार

वि. स. खांडेकरांच्या 'अमृतवेल' (१९६७) या कादंबरीकडे मराठी वाचक आणि मराठी समीक्षक यांनी दोन भिन्न टोकांवरून पाहिले आहे. वाचकाने तिच्यातील प्रेम, दुःख आणि जगणे यांविषयीची वाक्ये वहीत उतरवून घेतली. समीक्षेने नेमक्या त्याच वाक्यांमुळे तिला बोधवादी ठरवून बाजूला ठेवले. वाचकाची माया आणि समीक्षकाची नापसंती यांचा विषय एकच आहे, तो म्हणजे कादंबरीतील चिंतन. त्या चिंतनाला वाहून नेणारी कथा कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न मात्र दोघांनीही फारसा विचारलेला दिसत नाही. वाग्दत्त वराच्या अपघाती मृत्यूने खचलेली एक सुशिक्षित तरुणी. तिला सोबतीला बोलावणारी श्रीमंत मैत्रीण. विलासपूर येथील त्या मैत्रिणीचे ऐश्वर्यसंपन्न पण उदास घर. त्या घराचा बुद्धिमान, व्यसनाधीन आणि अनाकलनीय मालक. त्याच्या भूतकाळात दडलेले काहीतरी भीषण. आणि हे सारे उलगडत असताना नायिकेच्या स्वतःच्या गोठलेल्या मनात सुरू झालेली हालचाल. लेखकाचे नाव झाकून हा आराखडा कोणापुढे ठेवला, तर तो त्याला रहस्यप्रधान प्रणयकादंबरी म्हणेल.

असे म्हणण्यात 'अमृतवेल'ची अवहेलना नाही. लोकप्रिय वाङ्मयप्रकारांचे साचे हे केवळ आळशी लेखकांचे आश्रयस्थान नसतात. समाजाला उघडपणे विचारता न येणारे प्रश्न आडवाटेने विचारण्याची सोय त्यांत असते. रहस्यप्रधान प्रणयकादंबरीत असा एक प्रश्न फार जुना आहे : एकदा प्रेम करून ते गमावलेल्या स्त्रीला पुन्हा प्रेम करता येईल काय, आणि आले तर कोणत्या किमतीला? 'अमृतवेल' हा प्रश्न उभा करते. त्याचे ती काय करते, हे पाहण्यासाठी त्या साच्याची रचना आधी लक्षात घ्यावी लागेल.

इंग्रजी लोकप्रिय कादंबरीने या साच्यासाठी फार सोयीची एक नायिका शोधून काढली, ती म्हणजे परिचारिका. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉक्टर आणि नर्स यांच्या प्रेमकथा हा मिल्स अँड बून या १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्रकाशनसंस्थेचा एक स्वतंत्र प्रवाहच बनला. परंतु त्याआधीच अमेरिकन लेखिका मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट हिने रहस्य आणि परिचर्या यांची सांगड घातली होती. राइनहार्ट स्वतः प्रशिक्षित परिचारिका होती. तिचा पतीही डॉक्टर होता. 'द सर्क्युलर स्टेअरकेस' (१९०८) या कादंबरीने तिला कीर्ती दिली आणि पुढे हिल्डा अ‍ॅडम्स नावाची एक परिचारिका तिने गुप्तहेराच्या भूमिकेत उभी केली. या निवडीमागचे तर्कशास्त्र साधे आहे. परक्या पुरुषाच्या शयनगृहात रात्रभर बसण्याचा समाजमान्य अधिकार ज्या मोजक्या स्त्रियांना होता, त्यांत परिचारिका होती. तिच्यासमोर घरातली माणसे बोलतात, कारण ती घरातली नसते. ती तापात बरळणाऱ्याचे ऐकते, औषधाच्या बाटल्या मोजते, कोण कोणाला भेटायला आले नाही हेही तिच्या ध्यानात राहते. पाहणे हा तिचा धर्म, आणि पाहिलेले न बोलणे हाही तिचा धर्मच.

या दुसऱ्या धर्मामुळे ती प्रणयकथेलाही उपयोगी पडते. परिचारिकेची अलिप्तता ही प्रशिक्षणाने मिळवलेली असते. गणवेशासारखीच ती अंगावर चढवायची असते. ज्या स्त्रीला एकदा जबर दुखापत झाली आहे तिला ही अलिप्तता कवचासारखी वापरता येते. त्यामुळे वाचकापुढे एकाच वेळी दोन रहस्ये राहतात : रुग्ण किंवा यजमान काय लपवतो आहे, आणि ती काय लपवते आहे. पहिले उलगडण्यासाठी तिला जवळ जावे लागते. जवळ गेल्याने दुसरे उघडे पडते. बाहेरच्या संकटाने आतला बंद दरवाजा उघडावा ही या प्रकारातील खरी युक्ती होय. खुनी कोण हे कळण्याआधी कवच गळून पडले की अर्धी कादंबरी जिंकलेली असते.

मराठीत या साच्याचे दोन्ही घटक आरंभापासून आहेत, पण ते वेगवेगळ्या घरांत वाढले. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या कादंबऱ्यांना तीन प्रवृत्तींच्या निदर्शक मानले आहे. त्यांपैकी पहिल्या दोन येथे प्रस्तुत आहेत. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन आहे, आणि नायिका यमुना ही स्वतः विधवा झाल्यावर ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुन्हा विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे कायद्यानंतर वर्षभरात मराठी कादंबरीने आपल्या पहिल्याच नायिकेला दुसरा संसार देऊन टाकला. त्यासाठी तिला धर्म बदलावा लागला, ही अट अर्थातच क्षुल्लक नव्हे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाले'ने दुसरे दालन उघडले : छळ, कारस्थान, ताटातूट, उत्कंठा आणि अखेरचे मीलन. एका कादंबरीने प्रश्न दिला, दुसरीने गती दिली. पुढील शतकभर मराठीतील विधवेचा प्रश्न गंभीर सामाजिक कादंबरीच्या वाट्याला गेला आणि उत्कंठा ही रंजनाच्या वाट्याला. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मध्ये यमू पिचून जाते, ती हळव्या वास्तवाच्या रेट्याने. तेथे रहस्याला जागाच नाही, कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असते. विधवेच्या आयुष्यात 'पुढे काय?' हा प्रश्नच उरू नये अशी समाजाची व्यवस्था असेल, तर तिच्यावर रहस्यकथा कशी लिहिता येईल?

ही दोन घरे पुन्हा एकमेकांजवळ आली ती मुख्यतः कोल्हापुरात, आणि याला योगायोगापेक्षा थोडे अधिक कारण आहे. करवीर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१७ साली पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० पासूनचे ग्रंथालय तेथे होते. चित्रपटांचे कारखाने होते. आणि ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत असताना कादंबरीच्या तंत्राचा विचार करीत होते. त्यांचे 'प्रतिभासाधन' (१९३१) हे पुस्तक ललित लेखनाच्या, विशेषतः कथा-कादंबरीच्या, तंत्राचे मराठीतील पहिले पद्धतशीर विवेचन म्हणता येईल. वाचकाची उत्सुकता कशी जागवावी, गुंतागुंत कशी वाढवावी, उकल कोठवर लांबवावी यांचा तेथे शास्त्रासारखा विचार आहे. १९३८ साली खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरास आले आणि १९७६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांचे वास्तव्य तेथेच राहिले. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या वादात हे दोन लेखक परस्परांविरुद्ध उभे केले जातात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत अजूनही तसेच उभे असतात. परंतु वाद प्रयोजनाचा होता. कारागिरी बऱ्याच अंशी सामायिक होती. फडक्यांनी तंत्रात सांगितलेली उत्कंठा खांडेकरांनी नाकारली नाही. त्यांनी चित्रपटासाठी कथा लिहिल्या होत्या. १९३६ च्या 'छाया'पासून त्यांना प्रेक्षकाचा श्वास कोठे अडकतो हे ठाऊक होते. 'अमृतवेल'मध्ये हे सारे जुने शिक्षण कामी आले आहे.

कादंबरीचा प्रारंभच नायिकेला कवच चढवतो. शेखर विमान अपघातात गेला आहे. नंदा त्याची पत्नी नव्हती, वाग्दत्त वधू होती. त्यामुळे तिला वैधव्याचे कोणतेही चिन्ह नाही, आणि म्हणून वैधव्याचा कोणताही विधीही नाही. ही गोष्ट वरवर तिच्या सोयीची वाटते. प्रत्यक्षात तिच्या दुःखाला समाजात जागाच मिळत नाही. जिचा नवरा मेला तिच्याभोवती रूढीचा पिंजरा उभा राहतो. जिचा होणारा नवरा मेला तिला सर्वजण मोकळी समजतात आणि तिने आपला पिंजरा स्वतःच उभारावा लागतो. नंदा तो उभारते. तिच्या वडिलांचे पत्र तिला त्या पिंजऱ्याच्या दारापर्यंत आणते. मराठी वाचकांना जवळपास मुखोद्गत असलेले हे पत्र बोधाचा नमुना म्हणून वाचले जाते, पण त्याचे कथेतील कार्य परवानगीचे आहे : मुलीला जगण्याची परवानगी बाप देतो. पुन्हा प्रेम करण्याची परवानगी त्या पत्रात कितपत आहे, हे कादंबरी मुद्दाम संदिग्ध ठेवते. तिची पुढची सारी उत्कंठा या संदिग्धतेवर पोसली गेली आहे.

विलासपूरला आल्यावर साचा पूर्णपणे कार्यरत होतो. निवेदन मुख्यतः नंदाच्या जाणिवेला चिकटून चालते; देवदत्त बाहेरून दिसतो, तुकड्यातुकड्याने दिसतो. त्याचे वाचन, त्याचे पिणे, त्याचे पत्नीशी तुटलेपण यांतले काय लक्षण आणि काय रोग हे तिला आणि वाचकाला एकाच वेळी ठरवावे लागते. वसुंधरेकडून कळणारा देवदत्त आणि नंदाला प्रत्यक्ष भेटणारा देवदत्त यांत मेळ बसत नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनाशा झाल्या की वाचकाच्या मनात तपास सुरू होतो. हे तंत्र रहस्यकथेचे आहे, आणि खांडेकर ते आपल्या नेहमीच्या अलंकारिक शैलीच्या आड लपवून वापरतात. शैली मात्र अनेकदा त्यांना दगा देते. जेथे एखादा बंद दरवाजा पुरेसा होता तेथे उपमांची रांग लागते आणि भीती कल्पनाविलासात विरघळते. ज्या लेखकाला घटनेतील काळोख इतका कळतो, त्याने त्यावर एवढ्या पणत्या का लावाव्यात, असे वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहते.

उलगडा होतो तो देवदत्ताच्या बालपणातील जखमेचा. मातापित्यांच्या संसारातील भीषणतेने त्याचे मन लहानपणीच मोडले आहे; स्त्रीवरचा, प्रेमावरचा त्याचा विश्वास तेथेच संपला आहे. अपराध्याचा शोध येथे रोगनिदानात बदलतो. 'हा माणूस काय लपवतो?' या प्रश्नाचे उत्तर 'हा माणूस आजारी आहे' असे मिळते. एकदा तो आजारी ठरला की नंदाचे त्याच्याशी नाते आपोआप परिचर्येचे ठरते. ज्या क्षणी तिला त्याच्याविषयी वाटणारी ओढ स्पष्ट होण्याची शक्यता निर्माण होते, त्याच सुमारास कथा तिच्या हातात औषध ठेवते. इंग्रजी साच्यात परिचर्या ही प्रेमाकडे नेणारी वाट आहे. 'अमृतवेल'मध्ये ती प्रेमाच्या वाटेवरचे फाटक आहे. नंदाला आत प्रवेश मिळतो तोही त्याच फाटकातून, आणि ते बंद होते तेही तिच्याच हातून.

मग प्रश्न असा की खांडेकरांनी नंदाला खरोखरीची परिचारिका का केले नाही? कथेची सारी कामे ती परिचारिकेची करते. मोडलेल्या मैत्रिणीजवळ बसते, देवदत्ताच्या मनाचा ठाव घेते, घराचा ताप उतरवते. फक्त तिला गणवेश नाही. याचे उत्तर कादंबरीबाहेर, मराठी समाजाच्या या व्यवसायाकडे पाहण्याच्या दृष्टीत शोधावे लागते. कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवरील मिरजेत विल्यम वॉन्लेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ साली उभे राहिले आणि शतक संपण्यापूर्वीच तेथे परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्रातील पहिल्या प्रशिक्षित नर्स प्रामुख्याने मिशनच्या परिसरातून, ख्रिस्ती समाजातून आल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने हिंदू स्त्रियांना, त्यांतही विधवांना, या शिक्षणाकडे वळवले. म्हणजे ज्या स्त्रीला समाजाने घरात अपशकुनी ठरवले तिलाच त्याने आजाऱ्याच्या उशाशी नेमले. या व्यवस्थेत सुधारणा होती, आणि एक छुपा करारही होता. पांढरे लुगडे आणि पांढरा गणवेश यांत अंतर फार नव्हते : पगार मिळेल, प्रतिष्ठाही हळूहळू मिळेल, पण शुभ्रता सुटणार नाही. परक्या पुरुषांचे स्पर्श, रात्रपाळी, सर्व जातींच्या शरीरांचा संपर्क यांमुळे उच्चवर्णीय मध्यमवर्गाने या व्यवसायाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. या वर्गाच्या कादंबरीला परिचर्येचे पावित्र्य हवे होते, परंतु परिचारिका नको होती.

मराठी वॉर्डातील संबोधनही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 'नर्सबाई' हा शब्द पाठीमागे वापरला जातो. समोर मात्र लहानथोर सगळे तिला 'सिस्टर' म्हणतात. ख्रिस्ती धर्मसंघातून आलेला हा शब्द मराठीत आल्यावर त्याचा धार्मिक अर्थ गळून पडला आणि नात्याचा अर्थ उरला. वयाने बापासारखा असलेला रुग्णही तिला बहीण म्हणतो. परक्या स्त्रीपुरुषांना एकमेकांजवळ निर्धोकपणे वावरू देण्यासाठी आपल्या समाजाने योजलेला हा जुना उपाय आहे : आधी नाते लावायचे, मग स्पर्श करू द्यायचा. इंग्रजी कादंबरीतील नायकालाही नर्स 'सिस्टर'च असते, परंतु त्याच्या भाषेत तो हुद्दा आहे. मराठी नायकाच्या कानाला तो हुद्दा ऐकू येत नाही, रक्षाबंधन ऐकू येते. प्रीतीचे भगिनीभावात रूपांतर करण्याची खांडेकरी प्रवृत्ती ही केवळ त्यांच्या ध्येयवादाची निष्पत्ती मानली जाते. ती या सामाजिक व्याकरणाचीही निष्पत्ती आहे, आणि तेवढ्यापुरता दोष लेखकापेक्षा व्याकरणाकडे अधिक जातो.

गणवेश नसण्याची किंमत नंदा मोजते. नर्सची पाळी संपते. तिला बदली मागता येते, रजा घेता येते, नोकरी सोडता येते. तिच्या सेवेचे मोल ठरलेले असते, म्हणून सेवेची मर्यादाही ठरलेली असते. मैत्रिणीच्या घरी आलेल्या मैत्रिणीला यांपैकी काहीच नाही. तिचे काम काय हे ठरलेले नाही, म्हणून ते कधी संपत नाही. ती थकली तर तो तिचा दुबळेपणा, ती गुंतली तर तो विश्वासघात. नर्सच्या अलिप्ततेमागे एक संस्था उभी असते. नंदाची अलिप्तता पूर्णपणे तिच्या एकटीच्या मनोबलावर उभी आहे. म्हणूनच तिचा संयम कादंबरीला इतका उदात्त वाटतो, आणि म्हणूनच आजच्या वाचकाला, विशेषतः स्त्रीवादी समीक्षेच्या संस्कारानंतरच्या वाचकाला, तो अस्वस्थ करतो. विनामूल्य आणि अमर्याद सेवेला येथे प्रेमाचे सर्वोच्च रूप म्हटले आहे. ज्याची वेल वाढत जाते ते अमृत कोणाच्या मुळाशी ओतले जाते आणि कोणाच्या घागरीतून, हा हिशेब कादंबरी मांडत नाही.

तरीही हा आरोप येथेच संपवला तर 'अमृतवेल'वर अन्याय होईल. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'शी (१८४७) तिची तुलना केल्यास ते स्पष्ट होते. दोन्हींत परक्या घरी आलेली, आपल्या भावना झाकून राहणारी तरुणी आहे. दोन्हींत तापट, बहुश्रुत, जखमी गृहस्वामी आहे. दोन्हींत घराच्या पोटात एक रहस्य आहे. रॉचेस्टरचे रहस्य म्हणजे माळ्यावर कोंडलेली त्याची पत्नी. जेनच्या प्रेमाला जागा करून देण्यासाठी ती पत्नी आगीत मरावी लागते. मग अंध झालेल्या रॉचेस्टरची शुश्रूषा करीत जेन संसार थाटते. डॅफ्नी द्यू मोरिए हिच्या 'रिबेका'मध्ये (१९३८) पहिली पत्नी कथा सुरू होण्याआधीच मेलेली आहे आणि तिला मनातूनही मारणे हे कथेचे काम आहे. या प्रकारातील दुसऱ्या प्रेमाचा पाया पुष्कळदा एका स्त्रीच्या थडग्यात घातलेला असतो. खांडेकर ही सोय घेत नाहीत. त्यांची पत्नी माळ्यावर नाही, वेडी नाही, मृत नाही. ती नंदाची मैत्रीण आहे आणि तिनेच नंदाला बोलावले आहे. नंदा आणि देवदत्त यांच्यामध्ये रूढी उभी आहे हे खरे, परंतु रूढीच्या आधी तेथे वसुंधरा उभी आहे. मैत्रिणीच्या भग्न संसारातून आपले सुख उचलायचे नाही, हा नंदाचा निर्णय केवळ पातिव्रत्याच्या जुन्या आदर्शातून आलेला नाही. दोन स्त्रियांमधील निष्ठेला पुरुषावरील प्रेमाहून वरचढ ठरवणारा असा निर्णय त्या काळातील मराठी लोकप्रिय कादंबरीत सहसा आढळत नाही. त्यावर बोधाचा एवढा थर चढवला गेला नसता तर तो कदाचित लवकर दिसला असता.

दुर्दैवाने वसुंधरेला स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभे करण्यात खांडेकर कमी पडले आहेत. देवदत्ताच्या दुःखाला पूर्वेतिहास आहे. तिच्या दुःखाला केवळ परिणाम आहेत. निदान एकाचेच होते. निष्ठा जिच्याशी राखली जाते ती व्यक्ती धूसर राहिल्यामुळे निष्ठेचे मूल्य वाचकाला जाणवण्याऐवजी सांगावे लागते, आणि सांगण्याची वेळ आली की खांडेकर सुभाषिताकडे वळतात. कादंबरीतील ज्या वाक्यांवर समीक्षकांचा राग आहे, त्यांतील कित्येक वाक्ये अशा न लिहिल्या गेलेल्या प्रसंगांच्या जागी बसवलेली आहेत.

ज्या नायिकेला गणवेश आहे तिचे काय होते, याचे उत्तर दोनच वर्षांनी एका हिंदी चित्रपटाने दिले. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या 'नर्स मित्र' या बंगाली कथेवर असित सेन यांनी प्रथम १९५९ साली 'दीप ज्वेले जाई' हा चित्रपट केला होता. तोच त्यांनी १९६९ मध्ये 'खामोशी' या नावाने हिंदीत आणला. त्यातील राधा ही मनोरुग्णालयातील परिचारिका आहे. प्रेमभंगाने विकल झालेल्या रुग्णावर प्रेमाचा अभिनय करून त्याला बरे करण्याचा प्रयोग वरिष्ठ डॉक्टर तिच्याकरवी करून घेतात. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो. राधा मात्र खरोखरच प्रेमात पडलेली असते. दुसरा रुग्ण येतो तेव्हा ती नकार देते, मग नाइलाजाने तयार होते, आणि अखेर तिचेच मन कोसळून ती त्याच रुग्णालयात रुग्ण होते. कवच घातलेल्या परिचारिकेला पुन्हा प्रेम भेटण्याची ही कथा आहे, पण साचा उलटा फिरवलेला आहे. राधेला पाळी आहे, पगार आहे, संस्था आहे. आणि तिच्या प्रेमाची मात्रा ठरवून देण्याचा अधिकारही त्याच संस्थेने घेतला आहे. नंदावर कोणी अशी सक्ती करीत नाही. तिच्या मनातील संस्काराने डॉक्टरचे काम आधीच उरकलेले असते.

या दोन शेवटांपैकी 'खामोशी'चा अधिक क्रूर आहे आणि अधिक प्रामाणिकही. सेवा करता करता सेवा करणारीचे काय होते याचा हिशेब तो मांडतो. राधा वेडी होते म्हणून तिच्या त्यागाला कोणी उदात्त म्हणू शकत नाही. नंदा शहाणी राहते. तिच्या शहाणपणावर कादंबरी इतकी प्रसन्न आहे की त्या शहाणपणाखाली काही मोडले की काय, हे तपासायला कोणी जात नाही. देवदत्ताच्या बाबतीत जो निवेदक एवढा चिकित्सक, तो नंदाच्या बाबतीत एकाएकी समाधानी होतो.

पुढे कोल्हापूरच्याच लोकप्रिय कादंबरीने वेगळे वळण घेतले. सरकारी वकिली केलेल्या बाबा कदमांनी रहस्य आणि प्रणय यांची सांगड पुन्हा घातली, पण घराच्या अंतर्भागातून ती कोर्टकचेरी, पोलीस ठाणे आणि रांगडा करवीरी मुलूख यांत आणली. त्यांचा वाचकवर्ग अफाट होता आणि समीक्षेने त्यांची दखल जवळजवळ घेतलीच नाही. तेथे अपराध हा पुन्हा अपराध झाला. त्याचे आजारात रूपांतर होण्याचे थांबले. खांडेकरांच्या पद्धतीतले एक दालन त्याबरोबर बंद झाले, ज्यात संशयित पुरुषाला शिक्षा देण्याऐवजी त्याच्या उशाशी बसून त्याचे ऐकले जात होते.

'अमृतवेल' संपते तेव्हा नंदाची सारी शक्ती दुसऱ्यांचा संसार सावरण्याकडे वळलेली असते आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यात शेखरची जागा घेणारा कोणी आलेला नसतो. १८५७ च्या यमुनेला दुसरा विवाह मिळाला, त्यासाठी तिला धर्म बदलावा लागला. १९६७ च्या नंदाला कायद्याचा अडथळा नाही, धर्माचा नाही, बापाचा नाही. ती विधवाही नाही. एका विशिष्ट पुरुषाला ती नाकारते त्याचे कारण वसुंधरा आहे, आणि ते कारण पटण्याजोगे आहे. परंतु एका पुरुषाला दिलेला तो नकार पुढे साऱ्या पुरुषांपुरता, साऱ्या आयुष्यापुरता पसरतो, तेव्हा वसुंधरेचे कारण पुरत नाही. त्या पसरण्याचे कारण कादंबरीने दिलेले नाही. विलासपूरच्या घरातील सगळी कुलुपे उघडून झाल्यावर एवढे एक तिने तसेच ठेवले आहे, आणि ते कुलूप आहे हेही तिच्या लक्षात आलेले दिसत नाही.